बाबांचे आठ लाख, सिंहगड रोडचं बेसमेंट आणि आत्याची मागची खोली

या वेळचं पत्र पुण्यातल्या धायरीहून आलंय. लिहिणारा तीस वर्षांचा साऊंड इंजिनिअर आहे. पत्र मोठं आहे, थोडक्यात देते.

"ताई, मी आधी चार वर्षं लाइव्ह केलं, ऑर्केस्ट्रा, गणपतीतले कार्यक्रम, मग नाटकांना ऑपरेटिंग, बालगंधर्वला आणि कोथरूडच्या यशवंतरावला. आता सहा वर्षं एरंडवण्यात एका स्टुडिओत आहे, पगार ३२ हजार, मालक चांगले आहेत पण पुढे काही दिसत नाही. स्वतःचा स्टुडिओ काढायचाय. सिंहगड रोडला नदीच्या बाजूला एक बेसमेंट बघितलंय, २० बाय २०, उंची १० फूट, भाडं २२ हजार. बाबा नुकतेच रिटायर झाले, ते ८ लाख द्यायला तयार आहेत. मिक्सिंग कन्सोल, एक भारी कंडेन्सर माइक, मोठे मॉनिटर स्पीकर अशी यादी केलीय ती साडेसात लाखांवर जाते. कर्वेनगरला आत्याचा फ्लॅट आहे, पहिला मजला, मागची खोली १२ बाय १४, उंची साडेनऊ फूट, ती दहा हजारात देते म्हणते पण ती लहान वाटते, क्लायंटवर काय इम्प्रेशन पडणार? बायको बँकेत आहे, ती म्हणते थांब. मालकांचे काही क्लायंट म्हणतात तू काढ, आम्ही तुझ्याकडे येतो. काय करू?"

अरे, काढ स्टुडिओ. दहा वर्षं झाली तुला, आणि त्यातली नाटकाची वर्षं तू नुसती जाता जाता लिहिलीयेस पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण नाटकात क्यू, म्हणजे आवाज सोडायची खूण, चुकला की नट स्टेजवर तसाच उभा राहतो आणि समोर आठशे माणसं बघत असतात, तिथे ज्याने काम केलंय त्याला वेळेची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. पण बेसमेंट घेऊ नकोस. आणि बाबांचे आठच्या आठ लाख तर अजिबात घेऊ नकोस.

बेसमेंटचं आधी बोलते कारण तिथेच तुझा जीव अडकलाय असं दिसतंय. पुण्यात बेसमेंट बघताना आधी पाण्याचं विचारायचं, भाड्याचं नंतर. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा सहकारनगर, अरण्येश्वर भागात रात्रीत काय झालं ते तू बघितलं असशील, आणि २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडलाच एकता नगरीत घरात पाणी शिरलं. तुझी जागा नदीच्या बाजूला आहे असं तूच लिहितोस. पूर नाही आला तरी जून ते सप्टेंबर भिंतीला ओल धरते, आणि कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलला आणि तबल्याच्या पुडीला ओल सोसत नाही. शिवाय महापालिकेच्या मंजूर नकाशात ती जागा पार्किंग किंवा गोडाऊन म्हणून असेल तर उद्या एखाद्याने तक्रार केली की तुझा सगळा खर्च अडकला. मालकाकडे मंजूर नकाशा माग, देतो देतो म्हणाला आणि दिला नाही तर समजून जा.

दुसरं म्हणजे ढोल. नदीपात्रात आणि डीपी रोडच्या बाजूला गणपतीच्या आधी दीड-दोन महिने पथकांचा सराव चालतो, संध्याकाळी सहा-सातला सुरू होतो, आणि बरेच व्हॉइस आर्टिस्ट दिवसा नोकरी करून रेकॉर्डिंगला येणार ते नेमके त्याच वेळेला. ढोलाचा खालचा आवाज फोमने अडत नाही, पडद्याने नाही, कार्पेटने नाही, तो जमिनीतून आणि स्लॅबमधून येतो. त्याला अडवायचं तर खोलीच्या आत दुसरी खोली बांधावी लागते, वेगळ्या फ्रेमवर, मूळ भिंतीला कुठेही न टेकवता, दुहेरी जिप्सम बोर्ड लावून, आणि भाड्याच्या जागेत एवढं करायचं म्हणजे दुसऱ्याच्या घराला पैसे लावल्यासारखं आहे.

आणि तिसरं, जे तू स्वतः इंजिनिअर असून कसं सोडलंस मला कळलं नाही. २० बाय २० बाय १०. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्याला मीटरमधल्या लांबीच्या दुपटीने भाग, म्हणजे खोली कुठल्या सुराला आपणहून घुमते ते कळतं, २० फुटाला २८ हर्ट्झ येतात, दुसऱ्या बाजूलाही २८, उंचीला ५६ म्हणजे बरोबर दुप्पट. तिन्ही बाजू एकाच सुरात घुमणार. खोली मोठी आहे पण खालचा आवाज तिथे कधी खरा ऐकूच येणार नाही, एका कोपऱ्यात डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा तबला, ढगासारखा आणि मधे बसलास तर गायब. आता आत्याची खोली मोज. १४ फुटाला ४०, १२ फुटाला ४७, साडेनऊ फुटाला ५९. बघ कसे सुटे सुटे पडले. ती खोली परफेक्ट नाही, लहान खोलीत खालच्या आवाजाचा त्रास असतोच, पण तो आवरता येतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या स्टुडिओची पहिली जागा नारायण पेठेत एका वाड्यात होती, दहा बाय दहा आणि उंचीही जवळपास दहा, मी भिंतीभर अंड्यांचे ट्रे लावले होते कारण तेव्हा सगळे तेच लावायचे. ट्रेने वरचा चमचमाट थोडा कमी होतो, बाकी काही होत नाही, बाहेरचा आवाज तर एक कणही थांबत नाही. ५६ आणि ११२ वर ती खोली अशी घुमायची की मी प्रत्येक मिक्समध्ये डग्गा कापून टाकायचे, आणि लोक घरी नेऊन ऐकायचे तेव्हा तबला एका हाताने वाजवल्यासारखा लागायचा. एक वयस्कर तबलजी आले होते, त्यांनी मिक्स ऐकलं, काही बोलले नाहीत, फक्त डावा हात वर करून माझ्याकडे बघितलं. ते मी आजतागायत विसरलेले नाही. दीड वर्षाने ती जागा सोडली तेव्हा खर्चातलं काहीच बरोबर नेता आलं नाही.

म्हणून आत्याच्या खोलीत जे करशील ते सुटं कर. चार बाय दोन फुटांच्या लाकडी फ्रेम, चार इंच खोल, लाकूड भवानी पेठेत टिंबर मार्केटमधून कापूनच आण, आत आवाज शोषणारं रॉकवूल भर, मागे शक्य तिथे भिंतीपासून चार इंच जागा सोड, वरून मांजरपाट ताण. कापड घेताना तोंडाला लावून फुंकर मारून बघ, श्वास आरपार गेला पाहिजे, नाही गेला तर आवाज पण आत जाणार नाही. रॉकवूल भरताना मास्क आणि हातमोजे घाल आणि त्या दिवशी आत्याला घरी थांबू देऊ नकोस. अशा चौदा-सोळा फ्रेम कर, कोपऱ्यात जास्त जाड, छताला पण दोन-तीन टांग, आणि उद्या जागा बदलली तर टेम्पोत घालून घेऊन जा.

दाराचं मात्र नीट ऐक, तिथे लोक पैसे वाचवतात. दाराच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का फट राहिली तरी दार कितीही जाड असू दे, वीस डेसिबलच्या वर अडत नाही. भरीव लाकडाचं जड दार, चारही बाजूंनी रबराची गॅस्केट, आणि खाली उंबरा. हो, आपला जुना उंबराच, दार त्याच्यावर येऊन दाबून बसलं पाहिजे. खिडकी एकच असेल तर आतून दुसरी काच लाव, दोन काचांमधे अंतर ठेव. इतकं बंद केल्यावर खोलीत हवा कोंदते, वाचणारा माणूस पाऊण तासाने मंद व्हायला लागतो, त्याला वाटतं आपलं आज होत नाहीये, खरं तर हवा संपलेली असते. तेव्हा चाळीस मिनिटांनी दार उघडायचं, चहा द्यायचा.

विजेचं काम चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घे, अर्थिंग मोजून, ऑडिओची लाइन बोर्डापासून वेगळी काढून, फ्रिज आणि पंप त्याच लाइनवर नको. विजेचा ५० हर्ट्झचा हम, म्हणजे ती बारीक घरघर, एकदा फाईलमध्ये बसला की तो काढताना माणसाच्या आवाजातला जीव पण थोडा निघतो. प्युअर साइन वेव्हचा यूपीएस घे, आणि गुरुवारी महावितरणची दुरुस्ती असते तेव्हा मोठं बुकिंग लावू नको.

आता तुझी यादी. कन्सोल काढून टाक. तुला हात ठेवायला आवडतो ते मी समजू शकते, लाइव्हमधून आलेल्या माणसाला फेडर, त्या आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा, हव्याच असतात, पण तुझ्याकडे पहिली दोन वर्षं जे काम येणार त्यात एका वेळी दोन, फार तर चार माइक चालू असतील. माइक लॅपटॉपला जोडायचा चार इनपुटचा चांगला इंटरफेस बस आहे, कधी आठ लागले तर भाड्याने आण. एक मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर मध्यम किमतीचा, तबला-हार्मोनियमला एक छोट्या कंडेन्सरची जोडी, आणि शुअरचा एसएम ५७ माइक, तो १९६५ पासून बाजारात आहे आणि अजून त्याला हटवणारा आलेला नाही. मॉनिटर पाच इंची घे, १२ बाय १४ मध्ये आठ इंची लावलेस तर खालचा आवाज पुन्हा तुला फसवेल. भारी माइक चांगल्या खोलीत खूप देतो, वाईट खोलीत तो खोलीचे सगळे दोष जास्त स्वच्छ ऐकवतो.

इम्प्रेशनचं म्हणशील तर पुण्यात तुझ्याकडे कोण येणार ते डोळ्यासमोर आण. ऑडिओबुक वाचणारे येतील, स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप २०१७ मध्ये भारतात आल्यापासून मराठी वाचनाचं काम खरंच वाढलं. डबिंग, शाळा-कंपन्यांचं ई-लर्निंग, पॉडकास्ट. कॉलेजची पोरं येतील, पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि दर वर्षी पावसाळ्यात रात्री नऊला कुणीतरी येऊन म्हणतं उद्या सकाळपर्यंत म्युझिक हवंय, त्यांच्याकडे पैसे नसतात पण त्यांना हाकलू नकोस, त्यांतलीच मुलं दहा वर्षांनी काम घेऊन येतात, माझ्याकडे आलीयेत. आणि गाणारे. पुण्यात गल्लीगल्लीत गाणं शिकवणारे आणि शिकणारे आहेत, कुणाला स्पर्धेला, कुणाला शिष्यवृत्तीला क्लिप हवी असते, कुणाला आपल्या गुरूंचा आवाज जपून ठेवायचा असतो. यातल्या कुणालाही लाकडी पॅनलची भिंत आणि सोफा लागत नाही. त्यांना पहिल्या मजल्यावर चढता आलं पाहिजे, स्वच्छ बाथरूम पाहिजे, खाली बसायला जाड सतरंजी आणि कोमट पाणी पाहिजे.

एक सांगते. सत्तरीच्या एक बाई गायला आल्या होत्या, पट्टी काळी चार, सोबत दोन शिष्या आणि दोन तानपुरे. मी तेव्हा तासावर पैसे घ्यायचे आणि घड्याळ त्या आत आल्यापासून लावलं होतं. तानपुरे जुळायला लागले, एक तार बसेना, जवारीचा दोरा जरा सरकवला, परत लावला, पंधरा मिनिटं गेली, तबला मिळवून झाला आणि मी एसी बंद केला तसा त्याचा सूर पुन्हा हलला. त्या सारख्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. पहिला ख्याल घाईत गेला, आलाप आखडला. मधे मी जाऊन सांगितलं की आत्तापर्यंतचा वेळ धरलेला नाही आणि घड्याळ काढून ठेवलं. मग त्या जे गायल्या ते माझ्याकडे झालेल्या चांगल्या रेकॉर्डिंगमधलं एक आहे. तेव्हापासून सुराला लावायचा वेळ मी धरत नाही, शास्त्रीय गाणं असेल तर पूर्ण सकाळचा एकच दर सांगते, आणि एसी गाणारे यायच्या अर्धा तास आधीच बंद करते. तू पण तसंच कर.

पैशाचं गणित बायकोसमोर बसून कर, ती थांब म्हणते त्याला कारण आहे. बेसमेंट घेतलंस तर भाडं २२ हजार, वीज ६, साफसफाई-इंटरनेट-चहा ३, दुरुस्तीला बाजूला ४, आणि तुझा आत्ताचा पगार ३२, झाले ६७ हजार. तासाला ५०० धरले तर १३४ तास विकले पाहिजेत, चार रविवार सोडून २६ दिवस, म्हणजे रोज पाच तासांहून जास्त बुकिंग, आणि एडिटिंग वेगळंच. आत्याच्या खोलीत भाडं १०, वीज ४, बाकीचे २, दुरुस्तीला ४, पगार ३२, म्हणजे ५२ हजार, १०४ तास, रोज चार. तेही पहिल्या वर्षी होणार नाही हे गृहीत धर. गणपतीचे दहा दिवस खोलीत शांतता नसते, पितृपक्षात नवीन कामाचा नारळ कुणी फोडत नाही, दिवाळीत लोक गावाला. आणि ऑडिओबुकचा दर कधीही रेकॉर्डिंगच्या तासावर सांगू नकोस, तयार तासावर, म्हणजे साफ करून झालेल्या आवाजाच्या तासावर सांग, कारण माझ्या अनुभवात एक तयार तास म्हणजे दोन तास रेकॉर्डिंग आणि तीन तास श्वास, अडखळणं, खुर्चीचा कुरकुर आवाज काढणं.

त्यामुळे नोकरी लगेच सोडू नकोस. मालकांशी बोल, आणि ते बोलणं जागेच्या अ‍ॅग्रीमेंटवर सही करायच्या आधी झालं पाहिजे. सरळ सांग की मी छोटं काहीतरी सुरू करतोय, आठवड्यातले तीन दिवस तुमच्याकडे येऊ का. चांगला माणूस आहे असं तूच म्हणतोस, चांगल्या माणसाला अर्धवेळ अनुभवी हात गमवायचा नसतो. क्लायंटचे नंबर घेऊन निघू नकोस, कुणाला फोन करू नकोस. जे आपणहून येतील त्यांचं मालकांच्या कानावर घाल, आणि त्यांचं चालू असलेलं प्रोजेक्ट तिथेच पूर्ण होऊ दे. एरंडवणं आणि कर्वेनगर यांच्यात अंतर आहे किती, उद्या तुला आठ माइक लागले की त्यांचाच दरवाजा वाजवणार आहेस.

बाबा. ते देतायत कारण त्यांना तू उभा राहिलेला बघायचाय, हे मला पत्रातून कळतं, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणणं तुला जड जाणार. पूर्ण नाही म्हणू नकोस, अडीच लाख घे. त्यातले एक लाख दहा हजार खोली, दार आणि वायरिंगला, साठ माइक आणि स्टँडला, साठ इंटरफेस आणि मॉनिटरला, वीस हातात. लॅपटॉप तुझ्याकडे असेलच. हे अडीच लाख कर्ज म्हणून घे, वहीत लिहून, महिन्याला ठरलेली रक्कम बाबांच्या खात्यात. राहिलेले साडेपाच लाख त्यांना सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये ठेवायला सांग, दर तीन महिन्यांनी व्याज येतं आणि त्यांचं औषधपाणी तुझ्या बुकिंगवर अवलंबून राहत नाही.

कागदपत्रं पटकन सांगते. सोसायटीची लेखी परवानगी घे, रात्री दहा ते सकाळी सहा राहत्या भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तेव्हा ड्रम किट आणि इलेक्ट्रिक गिटारचं काम घेऊच नको. आत्या घरची आहे तरी लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर कर, अकरा महिन्यांचं नको, तीन वर्षांचं कर, उद्या आतेभावाचं लग्न ठरलं की खोली लागते. उद्यम आणि शॉप अ‍ॅक्टची नोंदणी ऑनलाइन होते. जीएसटी वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत लागत नाही. कंपन्या बिलातून टीडीएस कापतील, तो रिटर्न भरताना तुझ्या करात धरला जातो आणि जास्त कापला असेल तर परत मिळतो, घाबरू नको. प्रत्येक कामाआधी निम्मे पैसे आणि एक पानाचं लिहून घेतलेलं, किती करेक्शन त्यात धरलेत, फाईल किती महिने ठेवणार, रेकॉर्डिंगचा मालक कोण, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तो मालक सहसा निर्माता असतो, माइक लावणारा नाही. आणि बॅकअप. २४ बिट ४८ किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक तासाला साधारण ५०० एमबी होतो, म्हणजे जागा महाग नाही, तीन कॉपी ठेव, त्यातली एक धायरीच्या घरी. माझी एक डिस्क गेली होती तेव्हा एका लेखिकेला चार तासांचं वाचन पुन्हा करावं लागलं, तेव्हा आजारी होत्या त्या, आणि दुसऱ्यांदा वाचताना आवाज आधीसारखा लागला नाही.

आता एकच काम देते तुला. येत्या रविवारी आणि मग एखाद्या कामाच्या दिवशी आत्याच्या खोलीत रेकॉर्डर लावून ठेव, सकाळी सहा ते रात्री अकरा, खिडकी बंद, आणि तू बाहेर थांब. नंतर हेडफोन लावून सगळं ऐक आणि वहीत वेळ लिहीत जा, कुकरच्या शिट्ट्या किती वाजता, वरच्या मजल्यावर खुर्ची कधी सरकते, भंगारवाला, कोकीळ, शाळेची बस. त्या वहीवरून तुझं बुकिंगचं वेळापत्रक ठरेल. आणि आत्याला आजच विचारून घे, सोसायटीचा पाण्याचा पंप कुठल्या भिंतीला आहे आणि तो किती वाजता लागतो.